अँटिव्हायरस काढला, तरी तो घरातच आहे: उरलेले तुकडे साफ करायची पद्धत

२०२३ साली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, १९ सप्टेंबरला होती आणि जीएसटीच्या ३बी विवरणपत्राची शेवटची तारीख, नेहमीप्रमाणे, २०. गोव्यातल्या डिचोलीत मी आठ-दहा दुकानदारांचे हिशेब सांभाळतो, त्यामुळे माटोळी (गणपतीवरचं फळा-पानांचं छत) बांधायची की विवरणपत्रं भरायची अशी ओढाताण चालली होती. शनिवारी रात्री लॅपटॉपवरच्या अँटिव्हायरसने ‘तुमची मुदत संपली’ची खिडकी पुन्हा एकदा तोंडावर आणली. वैतागून मी तो अनइन्स्टॉल केला आणि लॅपटॉप बंद करून परत चालू केला.

वायफायचं चिन्ह ठीकठाक, पण एकही साइट उघडेना. आणि कोपऱ्यात तीच खिडकी: मुदत संपली. प्रोग्रॅम गेला होता, त्याची कुरकुर मागे राहिली होती.

मग मी नको तो शहाणपणा केला. त्याचे फोल्डर शोधून उडवले, ड्रायव्हरच्या (विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) दोन-तीन फाइलींना त्याच्या नावाची आद्याक्षरं दिसली, त्याही उडवल्या. रविवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर कीबोर्ड मेलेला. पासवर्ड टाइप करायलाच येईना. शेजाऱ्याचा यूएसबी कीबोर्ड आणून लावला, तोही मुका. ते कसं सुटलं ते पुढे येईल. तुमच्यावर तशी पाळी येऊ नये म्हणून हे लिहितोय. सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. बाकीचे प्रोग्रॅम विंडोजच्या अंगणात बसतात. अँटिव्हायरस पायाच्या दगडात शिरतो. फाइल उघडताना, नेटवरून काही येताना, काही वेळा तुम्ही कळ दाबतानाही मध्ये त्याचा पहारेकरी असतो. व्हायरसने सहज काढून टाकू नये म्हणून तो स्वतःलाही कुलूप लावून घेतो. शिवाय परवान्याची नोंद बऱ्याच कंपन्या मुद्दाम मागे ठेवतात, म्हणजे तुम्ही परत आलात तर ओळख पटावी. गोव्यात मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला, घरातून काढता येत नाही, त्याला १९७५ चा कायदा आहे, आणि तो असायलाच हवा. अँटिव्हायरसला असा कुठलाच कायदा नाही, तरी तो हलत नाही.

१. संगणक तुमचाच आहे ना?

कचेरीचा, बँकेचा किंवा कंपनीने दिलेला लॅपटॉप असेल तर इथेच थांबा. त्यातला अँटिव्हायरस तिथल्या आयटीवाल्यांच्या ताब्यात असतो, काढताना बहुधा पासवर्ड मागतो, आणि तुम्ही खटपट केली की त्यांच्याकडे घंटी वाजते. फोन करा, ते काढून देतील.

२. हाताशी काय हवं

- अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं आणि त्याचा खरा पासवर्ड. नुसता चार आकडी पिन पुरत नाही; सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींनिशी चालू करायची पद्धत) पिन कधी कधी चालतच नाही.
- बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की. ‘आमच्याकडे बिटलॉकर नाही’ असं म्हणू नका. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की तो बऱ्याचदा न विचारता सुरू झालेला असतो. मोबाइलवरून तेच खातं उघडा, डिव्हाइसच्या यादीत की सापडते. वहीत उतरवून ठेवा.
- महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर. टॅलीचा डेटा असेल तर आधी तो.
- रिस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजला मागच्या स्थितीत नेणारी खूण. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा. सी ड्राइव्हपुढे ‘ऑफ’ असेल तर आधी चालू करा, मग पॉइंट तयार करा. पुष्कळ संगणकांवर हे बंदच असतं.
- वीज. पावसाळ्यात डिचोलीत लाइट कधी जाईल याचा नेम नाही. डेस्कटॉप असेल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर घ्या, लॅपटॉप पूर्ण चार्ज करा. ड्रायव्हर काढता काढता वीज गेली तर अर्धा आत, अर्धा बाहेर.

३. काढण्याआधी त्याच्या खोलीत डोकावा

ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात. अँटिव्हायरस उघडा आणि क्वारंटाइन बघा. संशयित म्हणून त्याने बाजूला ठेवलेल्या फाइली तिथे असतात. माझे काका देवस्थान समितीच्या पावत्या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर छापायचे. त्या सॉफ्टवेअरची एक फाइल अँटिव्हायरसने कधीतरी पकडून क्वारंटाइनमध्ये टाकली होती. अँटिव्हायरस साफ केल्यावर तीही गेली, आणि जत्रेच्या तोंडावर पावत्यांवर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा चिवडा छापून येऊ लागला. तुमच्या ओळखीची फाइल असेल, कुठून आली ते पक्कं ठाऊक असेल, तर आधी सोडवून घ्या. नसेल तर राहू द्या, मरू दे तिथेच.

त्याच अँटिव्हायरसमध्ये पासवर्ड साठवले असतील किंवा ‘व्हॉल्ट’ नावाच्या कुलूपबंद पेटीत कागदपत्रं ठेवली असतील तर ती बाहेर काढा. परवान्याचा क्रमांक लिहून ठेवा. पुढे तो लागू शकतो.

४. साध्या दाराने काढा आणि खरोखर रीस्टार्ट करा

सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. विंडोज १० मध्ये त्याला ‘अ‍ॅप्स अँड फीचर्स’ म्हणतात. एकाच कंपनीच्या दोन-तीन नोंदी असू शकतात: मुख्य प्रोग्रॅम, व्हीपीएन, ब्राउझर, ‘क्लीनर’. आधी ही पिलावळ काढा, मुख्य प्रोग्रॅम शेवटी.

अनइन्स्टॉल करताना येणारे प्रश्न वाचा. ‘सेटिंग्ज ठेवू का, परवाना ठेवू का’ असं विचारतात आणि ठेवण्यावर आधीच टिक असते. पुण्याच्या क्विक हीलमध्ये अपडेटच्या फाइली ठेवून काढायचा आणि पूर्णपणे काढायचा, असे दोन पर्याय येतात. आपल्याला पूर्णपणे हवा.

मग रीस्टार्ट. बंद करून परत चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तिच्यामुळे शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा, ड्रायव्हरांसकट, झोपवून ठेवला जातो आणि चालू केल्यावर तसाच उठवला जातो. काढलेला ड्रायव्हर त्यामुळे आतच राहतो. स्टार्टमधून ‘रीस्टार्ट’वरच क्लिक करा. माझा शनिवारी रात्रीचा पहिला घोटाळा नेमका हाच होता.

बऱ्याच जणांचं काम इथेच संपेल. खिडकी येत नाही, नेट चालतं, असं असेल तर सरळ पायरी ११ वर जा.

५. कंपनीचं स्वतःचं सफाईचं साधन वापरा

जवळजवळ प्रत्येक मोठी कंपनी आपलाच पसारा आवरायला वेगळा छोटा प्रोग्रॅम देते. अ‍ॅव्हास्टचा अ‍ॅव्हास्टक्लिअर, मॅकअफीचा एमसीपीआर, कॅस्परस्कीचा केएव्हीरिमूव्हर, ईसेटचा ईसेट अनइन्स्टॉलर. मॅकअफीचा चालवताना चित्रातली अक्षरं टाइप करायला लावतो, घाबरू नका. नॉर्टनच्या साधनाच्या नावातच ‘रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल’ आहे: डोळे मिटून पुढे पुढे केलंत तर तो काढून परत बसवतो. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘रिमूव्ह ओन्ली’ निवडा.

आता सापळा. हे साधन गुगलवर शोधलंत की वर जाहिराती येतात आणि त्यांत ‘रिमूव्हल टूल’ नावाखाली भलतंच काहीतरी गळ्यात मारलं जातं. कंपनीच्या साइटचा पत्ता हाताने टाइप करा आणि तिथल्या मदतीच्या पानावरूनच उतरवा. ‘सपोर्ट’चा फोन नंबर दाखवणाऱ्या, एनीडेस्क (दुरून संगणक चालवायचा प्रोग्रॅम) घालायला सांगणाऱ्या कुणालाही संगणकात शिरू देऊ नका. चुकून दिलंत आणि पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी क्रमांकावर फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

विंडोजची नोंदवही साफ करतो म्हणणारा ‘रजिस्ट्री क्लीनर’ही नको. त्याने फायदा झालेला मी एकही माणूस पाहिलेला नाही.

६. साधन अडलं तर सेफ मोड

ईसेटचं साधन तर सेफ मोडमध्येच चालवायचं असतं. स्टार्टमध्ये शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४. इथेच बिटलॉकर ती ४८ आकडी की मागू शकतो.

‘एमएसकॉन्फिग’मध्ये सेफ बूटवर टिक करायचा सोपा उपाय लोक सांगतात. मी सांगणार नाही. ती टिक काढायची राहिली की संगणक दर वेळी सेफ मोडमध्येच उठतो, आणि पिन चालत नसेल तर तुम्ही बाहेर आणि तो आत.

सेफ मोडमध्ये सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करायला गेलात तर बरेच प्रोग्रॅम ‘विंडोज इन्स्टॉलर सर्व्हिस चालू नाही’ म्हणून अडतात. बिघाड नाही, सेफ मोडमध्ये ती सेवा बंदच असते. तिथे फक्त कंपनीचं साधन चालवायचं आणि बाहेर यायचं.

७. काय उरलं ते बघा, नुसतं बघा

कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि एफ, एल, टी, एम, सी ही पाच इंग्रजी अक्षरं सलग टाइप करून एंटर दाबा. फाइलींवर पहारा देणाऱ्या ड्रायव्हरांची यादी येते. तिसऱ्या रकान्यात ‘अल्टिट्यूड’ नावाचा आकडा असतो. ही पहारेकऱ्यांची उतरंड आहे. अँटिव्हायरसांसाठी मायक्रोसॉफ्टने ३२०००० ते ३२९९९९ ही जागा राखून ठेवली आहे. त्या पट्ट्यात तुमच्या जुन्या कंपनीचं नाव दिसलं की समजा, पहारेकरी अजून दारात आहे.

पण त्याच पट्ट्यात ‘डब्ल्यूडीफिल्टर’ही दिसेल, आकडा ३२८०१०. तो विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, डिफेंडरचा, आहे. त्याला हात लावू नका. ‘लुआएफव्ही’, ‘डब्ल्यूओएफ’ ही नावंही विंडोजचीच.

यानंतर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘ऑटोरन्स’ उतरवा. तो सिसइंटर्नल्सच्या संचात येतो, फुकट आहे. तोही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ‘ऑप्शन्स’मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायला सांगा. हजारभर ओळींच्या जागी मोजक्या उरतात. जुन्या कंपनीचं नाव सर्व्हिसेस, ड्रायव्हर्स आणि शेड्यूल्ड टास्क्स या तीन टॅबमध्ये शोधा. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल जाग्यावर नाही. माझी ती मुदतीची खिडकी शेड्यूल्ड टास्कमधून येत होती: रोज लॉगिन झालं की एक छोटासा प्रोग्रॅम उठून ओरडायचा.

८. हाताने काढायचंच असेल तर

ऑटोरन्समध्ये ओळ डिलीट करू नका, पुढची टिक काढा. टिक परत लावता येते. आधी टास्क, मग सर्व्हिस, ड्रायव्हर सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक टप्प्यानंतर रीस्टार्ट.

ड्रायव्हरची टिक काढण्याआधी हे नक्की बघा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘कीबोर्ड्स’खालच्या नोंदीवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, ‘ड्रायव्हर डिटेल्स’. फाइलींची छोटी यादी येते. तिच्यात जुन्या अँटिव्हायरसची फाइल असेल तर हाताने काहीही करू नका. माऊस आणि ‘डिस्क ड्राइव्हज’साठीही हेच बघा.

माझ्याकडे काय झालं होतं ते आता कळेल. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, कीबोर्ड या अख्ख्या वर्गापुढे ‘अप्परफिल्टर्स’ अशी नोंद असते: कळ दाबली की आधी अमुक ड्रायव्हरला दाखवा. मी फाइल उडवली, नोंद तशीच राहिली. विंडोज त्या ड्रायव्हरला शोधायचं, तो सापडायचा नाही, आणि कीबोर्डच चालू व्हायचा नाही. नोंद सगळ्या वर्गासाठी असल्यामुळे शेजाऱ्याचा कीबोर्डही त्यातच गेला. डिस्कच्या बाबतीत असं झालं तर विंडोज उठतच नाही.

सुटलो ते माऊसमुळे. लॉगिनच्या पडद्यावर उजवीकडे खाली अ‍ॅक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, त्यात ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड’ मिळतो. एकेक अक्षर माऊसने टोचत पासवर्ड घातला. बाहेर पोरं घुमट (मातीचं वाद्य) बडवत आरतीची तालीम करत होती आणि मी कॅपिटल अक्षर शोधत होतो. आत गेल्यावर आठवडाभर आधीचा एक रिस्टोअर पॉइंट सापडला, तो लावला, फाइली परत आल्या, कीबोर्ड बोलू लागला.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं: तोच अँटिव्हायरस त्याच कंपनीच्या साइटवरून पुन्हा पूर्ण बसवला, रीस्टार्ट केलं, आणि कंपनीच्याच साधनाने काढला. वेडेपणा वाटतो, पण अर्धवट तुटलेलं काही असेल तर हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग. काढणाऱ्या प्रोग्रॅमला सगळे तुकडे जाग्यावर सापडले तरच तो सगळे उचलतो.

रिकामे उरलेले फोल्डर, प्रोग्रॅम फाइल्समधले आणि लपवलेल्या प्रोग्रॅमडेटामधले, हे सगळं झाल्यावर काढा. नाही काढले तरी जागेपलीकडे काही अडत नाही.

९. नेट चालत नसेल

आधी सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग प्रॉक्सी. तिथे कुठला पत्ता अडकून राहिला असेल तर बंद करा.

मग कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क कनेक्शन्स उघडा, वायफायवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज. टिका असलेली यादी दिसेल. त्यात अँटिव्हायरसच्या नावाचा फिल्टर असेल तर तो निवडून खालचं ‘अनइन्स्टॉल’ बटण दाबा. यादीतली एक नोंद काढली की ती सगळ्याच जोडण्यांवरून जाते, म्हणून नाव दोनदा वाचा.

तरी नसेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटश विनसॉक रिसेट’, इंग्रजी अक्षरांत, शब्दांमध्ये एकेक जागा सोडून. रीस्टार्ट. शेवटचा उपाय सेटिंग्जमधलं ‘नेटवर्क रिसेट’: त्यात वायफायचे सगळे पासवर्ड पुसले जातात आणि व्हीपीएन असेल तर परत बसवावं लागतं.

१०. ब्राउझर आणि प्रमाणपत्र

कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस, साइटी तपासता याव्यात म्हणून काही अँटिव्हायरस आपलं स्वतःचं रूट प्रमाणपत्र (कुठल्या साइटवर विश्वास ठेवायचा ते विंडोजला सांगणारं) विंडोजमध्ये ठेवतात. स्टार्टमध्ये ‘मॅनेज कॉम्प्युटर सर्टिफिकेट्स’ शोधा, ‘ट्रस्टेड रूट’ची यादी उघडा. अँटिव्हायरसचं नाव स्पष्ट लिहिलेलं असेल तेवढंच काढा, बाकी अनोळखी नावांना हात नको. फायरफॉक्सची यादी वेगळी असते, ती त्याच्या सेटिंग्जमध्ये बघा. एक्स्टेन्शन्सही तपासा.

‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस’ अशी खिडकी अजून येत असेल तर ती बहुधा अँटिव्हायरसची नाहीच. कधीतरी कुठल्या तरी साइटला ‘अलाऊ’ म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या नोटिफिकेशन्समध्ये जाऊन ती साइट काढा.

११. डिफेंडर जागा झाला का?

हे न बघता उठू नका. विंडोज सिक्युरिटी उघडा, सेटिंग्ज, ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’. अँटिव्हायरसखाली फक्त मायक्रोसॉफ्ट डिफेंडर दिसायला हवा आणि तो चालू हवा. जुनं नाव अजून तिथे असेल तर विंडोजला वाटतंय की पहारा चालू आहे, म्हणून डिफेंडर झोपलेलाच राहतो. म्हणजे तुमच्या संगणकावर सध्या कुणीच नाही. इलाज पायरी ८ मधलाच: परत बसवा, रीस्टार्ट, साधनाने काढा.

खात्री करायची तर ‘आयकार’ची चाचणी फाइल वापरा. ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ आहे, पण सगळे अँटिव्हायरस तिला व्हायरस समजून पकडतात, तेवढ्यासाठीच ती बनवली आहे. उतरवल्याबरोबर डिफेंडरने आरडाओरडा केला की काम झालं.

विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे, हे लक्षात असू द्या.

१२. पैसे

प्रोग्रॅम काढला म्हणजे वर्गणी थांबली असं नाही. माझ्या विवरणपत्रांचं काम २० तारखेला रात्री साडेनऊला संपलं, आणि दोन महिन्यांनी त्याच अँटिव्हायरसच्या नूतनीकरणाचे पैसे खात्यातून आपोआप गेले. कंपनीच्या साइटवर आपल्या खात्यात जाऊन ‘ऑटो-रिन्यूअल’ बंद करा. मग मोबाइलवर यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ उघडा, तिथे त्या नावाचं मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, असेल तर रद्द करा. कार्डाने भरले असतील तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डावरच्या स्थायी सूचनांची यादी असते, तीही बघा.